गाव कुणी वसवलं?

(सामुदायिक रेडिओवर महिला गटांसाठी झालेलं भाषण)



आज आपण एका साध्या प्रश्नावर बोलणार आहोत. आपलं गाव कुणी वसवलं? पारावर जाऊन कुणालाही विचारा, उत्तर लगेच मिळतं. एखाद्या आडनावाचं नाव घेतात. त्यांचा मूळपुरुष अमुक गावाहून आला, त्याने विहीर खोदली, मारुती बसवला, मग बाकीचे आले. दुसऱ्या गल्लीत जा, तिथं दुसरं आडनाव सांगतात. कुणाचं खरं? आमचं म्हणणं असं, की दोघांचंही थोडं थोडं खरं असतं आणि दोघंही निम्म्या गावाला विसरतात. विसरलेल्या निम्म्या गावात आपण बाया आहोत. हे नुसतं मानपानाचं बोलणं नाही. पहिलं घर कुणाचं आणि नाव कुणाचं लागलं, यावर आजही घर, जमीन आणि हक्क ठरतात. म्हणून थोडं मागून सुरुवात करू.

गाव म्हटलं की जुनी माणसं दोन शब्द वापरायची, पांढरी आणि काळी. जिथं घरं उभी राहतात ती पांढरी आणि जिथं पीक येतं ती काळी. दोन्हींच्या आधी लागतं पाणी. आपला हा बालाघाटाच्या डोंगराचा भाग. येडशीजवळच्या रामलिंगाच्या दरीत पावसाळ्यात धबधबा कोसळतो आणि झाडी हिरवीगार होते. सीतेला सोडवायला रावणाशी लढलेला जटायू इथंच पडला आणि रामाने बाण मारून त्याच्यासाठी पाणी काढलं, असं आपण लहानपणापासून ऐकलं. त्या कथेतही आधी पाणीच आहे. डोंगराच्या कडेला, ओढ्याच्या काठाला, आड खोदला तर पाणी लागेल अशा जागेला माणूस थांबला. पाणी लागलं तर गाव झालं, नाही लागलं तर माणूस पुढे चालू लागला.

आपल्या भागात माणसाची वस्ती फार जुनी आहे. जवळचंच तेर बघा. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या एका व्यापारी पुस्तकात तेरचं नाव ‘तगर’ म्हणून आलेलं आहे. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर, असं त्यात लिहिलंय. इथला माल बैलगाड्यांवरून समुद्रकाठी जायचा आणि तिथून जहाजाने परदेशी. तेरच्या संग्रहालयात मातीच्या मूर्ती, मणी, बांगड्यांचे तुकडे ठेवलेत. बांगड्यांचे तुकडे म्हणजे त्या वस्तीत हात घालून काम करणाऱ्या बायका होत्या. त्यांची नावं मात्र कुठं राहिली नाहीत. त्याच तेरमध्ये पुढे गोरोबाकाका झाले, मडकी घडवता घडवता विठ्ठलाचं नाव घेणारे. त्यांच्या गोष्टीत त्यांची बायको आहे, लेकरू आहे, चिखल आहे. संतांच्या गोष्टी घरातून चालतात म्हणून त्यांत बाई दिसते. दप्तरातल्या गोष्टीत ती दिसत नाही.

आता दप्तरात गाव कसं वसायचं ते पाहू. जुन्या काळी पडीक मुलूख वसवायचा असला की सरकार कौल द्यायचं. कौल म्हणजे अभयाचा कागद. तू इथं माणसं घेऊन ये, रान साफ कर, विहीर खोद, तुला त्रास होणार नाही, असं त्यात लिहिलेलं असे. नव्या जमिनीला पहिल्याच वर्षी पूर्ण सारा लावला तर माणूस पळून जाईल, हे राज्यकर्त्यांना कळत होतं. म्हणून पहिल्या वर्षी सारा अगदी थोडा, दुसऱ्या वर्षी जरा जास्त, असा तो चढत जाई. त्याला इस्तावा म्हणत. बी-बियाण्याला, बैलाला तगाई मिळे. जो माणूस पुढे होऊन कुटुंबं गोळा करून आणायचा, तो बहुतेक वेळा गावचा पाटील व्हायचा. लिहिणारा कुलकर्णी व्हायचा. होळीला पहिली पोळी कुणाची, पोळ्याला पहिला बैल कुणाचा, हे मान तिथूनच सुरू झाले.

पण नुसत्या पाटील-कुलकर्ण्याने गाव चालत नाही. नांगराला फाळ लागतो, म्हणून लोहार आणला. तिफण लागते, म्हणून सुतार. रांजण लागतो, म्हणून कुंभार. चामड्याची मोट आणि नाडा लागतो, म्हणून चांभार आणि मांग. न्हावी, परीट, गुरव, मुलाणा हे सगळे आले. बारा बलुतेदार म्हणतात, पण बाराची यादी गावागावांत थोडी बदलते. ह्यांना पगार नव्हता. सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा मिळायचा, ते बलुतं. खळ्यावर वाटा घ्यायला जायची अनेकदा बलुतेदाराची बायकोच. सूप-टोपलं घेऊन उन्हात उभी राहणारी ती बाई आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. काही घरांत ती आपलीच आजी आहे.

आणि महार. गावाची शीव कुठून कुठं जाते हे त्यांना सगळ्यात चांगलं ठाऊक. दोन गावांत शिवेचा तंटा झाला तर त्यांची साक्ष महत्त्वाची मानली जाई. ज्यांच्या शब्दावर गावाची हद्द ठरायची, त्यांचं घर मात्र वेशीच्या बाहेर. पहिल्या घरांची गोष्ट सांगताना हे गिळून टाकायचं नाही. वतन हा शब्द पाटलाच्या घरात मान होता आणि महारवाड्यात, मांगवाड्यात तो पिढ्यान्‌पिढ्यांची राबणूक होता. आपल्या शेजारच्या कसबे तडवळ्याला 1941 च्या फेब्रुवारीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते, ते महार-मांग वतनदारांच्या परिषदेसाठीच. आमच्या भागातली जुनी माणसं त्या दिवसांबद्दल आजही सांगतात.

जुन्या कागदांत शेतकऱ्यांचे दोन प्रकार दिसतात. एक मिरासदार, दुसरा उपरी. मिरासदार म्हणजे ज्याची जमीन वडिलोपार्जित, ज्याला गोतसभेत बसायचा हक्क. तो दुष्काळात गाव सोडून गेला, तरी त्याचे वारस पुढच्या पिढीत परत येऊन जमीन मागू शकत. उपरी म्हणजे वरून आलेला. तो दहा वर्षं राबला, वीस वर्षं राबला, तरी ते त्याचं गाव नाही. बायांनो, हा उपरी शब्द जरा मनात धरून ठेवा. आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

आणखी एक शब्द आहे, गतकुळ. ज्या घराचं कुणी उरलं नाही, त्या घराच्या जमिनीला गतकुळाची जमीन म्हणत. घर संपलं, तरी जुन्या कागदात शेताला त्या आडनावाचं नाव तसंच राहायचं. म्हणजे आज गावात ज्या आडनावाचं एकही माणूस नाही, त्या नावाने एखादं रान ओळखलं जातं. तुमच्या शिवारातल्या रानांची नावं आठवून बघा. त्यातलं एखादं कोणाचं म्हणून पडलं हे कुणालाच सांगता येणार नाही. तेही एकेकाळी पहिल्या घरांपैकी एक असेल.

कारण गाव एकदाच वसत नाही. ते उठतं आणि पुन्हा वसतं. 1396 पासून बारा वर्षं चाललेला दुर्गादेवीचा दुष्काळ परंपरेत सांगतात. 1630 ते 1632 चा दुष्काळ तर कागदोपत्री आहे. त्यात दख्खनची गावंच्या गावं ओस पडली. पुन्हा 1876 ते 1878 चा. आणि 1972 चा आपल्या आया-सासवांनी अंगावर काढलेला, खडी फोडून आणि सुकडी खाऊन. ओस पडलेल्या गावाला जुन्या कागदांत बेचिराख म्हणत. चिराग म्हणजे दिवा. ज्या गावात दिवा लागत नाही ते बेचिराख. दिवा लावण्याचं काम कुणाचं असतं, हे सांगायला नको. गाव पुन्हा वसलं याची पहिली खूण म्हणजे संध्याकाळी एखाद्या दारात लागलेला दिवा.

अशा प्रत्येक दुष्काळानंतर नवी माणसं आली. त्यामुळे ज्यांना आज आपण गावचे मूळचे म्हणतो, त्यातली बरीचशी घरं कुठल्या तरी मोडलेल्या गावाहून आलेली असतात. आडनावांतही ते दिसतं. तेरकर, परंडेकर, नळदुर्गकर अशी आडनावं तुम्ही ऐकली असतील. गंमत बघा, तेरमध्ये राहणाऱ्याला कुणी तेरकर म्हणत नाही. गाव सोडलं की गावाचं नाव मागे लागतं.

पुढे इंग्रजांचा आणि निजामाचा काळ आला. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजांकडे. येडशी धाराशिवकडची, म्हणजे निजामाच्या राज्यात. मधे शीव. ह्या शिवेला ओलांडून आली आपली छोटी रेल्वे, बार्शी लाईट. 1897 साली ती कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत सुरू झाली आणि 1911 पर्यंत येडशीवरून लातूरला पोचली. रूळ अडीच फुटाचे. रेल्वेबरोबर गँगमन आले, पॉइंट्समन आले, हमाल आले, चहावाले, आडते, व्यापारी आले. स्टेशनाच्या आसऱ्याने अशी घरं वाढली, ज्यांचा ना मिरासीत उल्लेख ना बलुत्यात. 1954 साली ही रेल्वे सरकारने ताब्यात घेतली. 2008 साली आपल्या ह्या पट्ट्यात मोठी गाडी धावू लागली आणि अडीच फुटाचे रूळ गेले. रूळ गेले, पण त्या रुळांमुळे आलेली घरं आपलीच झाली. आज त्यांना कुणी बाहेरचं म्हणत नाही.

रेल्वेने काहींना आणलं, तसं काहींचं काम काढूनही घेतलं. लमाणांचे तांडे शेकडो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहून नेत. फौजांना रसद तेच पुरवत. आगगाडी आणि सडका झाल्या, तसा हा धंदा बसला. मग तांडे डोंगराच्या कडेला, माळावर थांबले आणि नायकाच्या नावाने ओळखले जाऊ लागले. आणि पारध्यांना तर थांबूच दिलं नाही. इंग्रजांनी 1871 साली जमातींना गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. तो 1952 साली रद्द झाला, पण संशय गेला नाही. जागा नाही म्हणून घर नाही, घर नाही म्हणून कागद नाही, कागद नाही म्हणून जागा नाही. आपल्या भागातल्या पारधी बाया अजून ह्या फेऱ्यात फिरतायत. गावाच्या पहिल्या घरांचा अभिमान सांगताना, ज्यांना पहिलं घरच मिळालं नाही त्यांची आठवण ठेवायला हवी.

आता तो उपरी शब्द.

गावात नवी सून येते. तिला कुणी नावाने हाक मारत नाही. ढोकीची, तेरची, बार्शीवाली, मुरूडवाली. चाळीस वर्षं ती ह्या गावात नांदते, लेकरं वाढवते, शेण काढते, खुरपते, सासू-सासऱ्यांचं शेवटचं करते, तरी ती ढोकीवालीच. आणि ढोकीला गेली, की तिथं म्हणतात, ही येडशीला दिलेली. म्हणजे ती दोन्हीकडे उपरी. आणि खरं पाहिलं तर गाव दर पिढीला कोण वसवतं? मुलगा जन्मला तिथंच राहतो. दर पिढीला दुसऱ्या गावाहून चालत येऊन नवी चूल मांडणारी सूनच असते. ती बियाणं आणते, गाठोड्यात बांधून वाळकाचं, दोडक्याचं, घेवड्याचं. ती माहेरची कालवणाची रीत आणते, माहेरचे सण, माहेरची बोली आणते. मूळपुरुष एकदा आला. मूळबाया दर पिढीला येतायत.

मग त्यांची नोंद कुठं आहे? जुने कागद कोणकोणते असतात ते आधी सांगतो, कारण अनेकींना ते कामाला येतील. मराठवाड्यात जमिनीचा फार महत्त्वाचा कागद म्हणजे 1954-55 चं खासरा पत्रक. त्याच्या मागचे निजामकाळातले कागद उर्दूत आणि मोडीत सापडतात. पुढे पाहणी पत्रक आणि मग आपला नेहमीचा सातबारा. मालकी कशी बदलत गेली ते फेरफारात, म्हणजे गाव नमुना 6 मध्ये दिसतं. जन्म-मृत्यू गाव नमुना 14 मध्ये, ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो. शाळेचा प्रवेश निर्गम उतारा असतो. त्र्यंबकेश्वरला, नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत घराण्यांची नावं असतात.

मराठवाड्यात निजामकाळातल्या नोंदी शोधायला 2023 साली शासनाने समिती नेमली. तेव्हापासून घराघरांत पणजोबाचं नाव शोधणं चाललंय. वंशावळीचे तक्ते निघाले. ते तक्ते तुम्ही पाहिले असतील. मूळपुरुष, त्याचे तीन मुलगे, त्यांचे मुलगे, त्यांचे मुलगे. झाड मोठं, फांद्या भरपूर आणि सगळ्या फांद्या पुरुषांच्या. ते तक्ते वाईट म्हणून आम्ही सांगत नाही, कामासाठी ते लागतात. पण ते बघताना मनात येतं, ही एवढी लेकरं जन्मली कुणाच्या पोटी?

ज्यांनी देश सोडला त्यांची गोष्ट इथं सांगण्यासारखी आहे. 1834 पासून इंग्रजांनी आपल्या देशातून लाखो मजूर करारावर मॉरिशस नावाच्या लहानशा बेटावर ऊस तोडायला नेले. मुंबई बंदरातून मराठी कुटुंबंही गेली, त्यातली बहुतेक कोकणातली. बेटावर उतरल्यावर प्रत्येकाची नोंद झाली. बायकांचीसुद्धा. नाव, बापाचं नाव, वय, गाव, अंगावरची खूण. पुढे पुढे तर फोटोही. ती रजिस्टरं तिथल्या महात्मा गांधी संस्थेत आजही जपून ठेवलेली आहेत. तिथल्या मराठी माणसाला आपली खापरपणजी कोण होती ते कागदावर सापडू शकतं. त्या नोंदी मायेपोटी केल्या नव्हत्या, मजूर मोजायला केल्या होत्या. तरी एवढं झालं, की समुद्रापार गेलेल्या बाईचं नाव राहिलं आणि इथं गावातच राबलेल्या तिच्या बहिणीचं पुसलं गेलं.

इथल्या बायांनी मात्र आपली नोंद दुसरीकडे ठेवली, जात्यावर. हेमा राईरकर आणि गी पॉइतवां ह्या दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत माहेरचं गाव येतं, वाटेवरची नदी येते, भावाची बैलगाडी येते, मेलेलं लेकरू येतं. तुमच्या घरी जुन्या ओव्या म्हणणारी कुणी असेल, तर तिच्या ओवीतली गावांची नावं नीट ऐका. तो तुमच्या घरातल्या बायांच्या वाटांचा नकाशा आहे.

कुणी म्हणेल, नाव लिहिलं काय अन् नाही लिहिलं काय, पोट थोडंच भरतं? म्हणून किल्लारीची आठवण करून देतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला. लातूर आणि आपल्या जिल्ह्यातली, उमरगा-लोहारा भागातली गावं क्षणात बेचिराख झाली. जी गावं पार पडली, ती नव्या जागी वसवली. म्हणजे गाव वसताना काय होतं ते आपल्या डोळ्यांसमोर घडलं. आणि कुणाला केवढं घर, हे कशावर ठरलं? जमिनीवर. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असेल तर अडीचशे चौरस फूट, एक ते सात हेक्टरला चारशे, त्याच्या वर साडेसातशे. सातबाऱ्यावर जे होतं ते घराच्या भिंतीत उतरलं. जिच्या नावावर काही नव्हतं, तिच्या हातात दाखवायलाही काही नव्हतं. त्या नव्या गावांत पाणी कुठून आणायचं, चूल कुठं मांडायची, शेजार कसा जोडायचा हे बायांनीच निस्तरलं. पुढे घरदुरुस्तीच्या कामात बायांचे गट संवाद सहायक म्हणून पुढे आले आणि गावकरी व सरकार यांच्यामधला दुवा झाले. त्या बाया नव्या गावांच्या पहिल्या रहिवासी आहेत. त्यांची नातवंडं उद्या मूळपुरुषाचं नाव सांगतील, की ह्या आज्यांचं?

म्हणून कायद्याचं थोडं सांगतो. ज्यांना हिंदू वारसा कायदा लागू आहे, त्यांच्यात 1956 पासून नवऱ्याच्या स्वतःच्या मिळकतीत विधवा, मुलगे, मुली आणि त्याची आई ह्या सगळ्यांना सारखा वाटा आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखाच जन्माने हक्क आहे. 9 सप्टेंबर 2005 पासून हा कायदा देशभर झाला. महाराष्ट्राने तर 1994 सालीच, त्या वेळी लग्न न झालेल्या मुलींपुरता, तो केला होता. 2005 साली वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क राहतो, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केलं. इतर धर्मांत नियम वेगळे आहेत, पण तिथंही मुलीचा वाटा आहे.

घरातला माणूस गेला की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्यायचा असतो. त्या अर्जात बायकोचं, मुलींचं, म्हाताऱ्या आईचं नाव आहे का, हे सही करण्याआधी वाचून घ्या. बहिणीकडून हक्कसोड पत्रावर सही घेतात, तेव्हा तिला नीट वाचून दाखवा आणि विचार करायला वेळ द्या. भावाचं मन राखायला सही करणाऱ्या बहिणी आपण पाहतो. तिने सोडायचं तर खुशाल सोडावं, पण काय सोडतोय हे कळून सोडावं. नवरा हयात असतानाही बायकोचं नाव सातबाऱ्याला लावता येतं. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला आणि 1992 साली शासनाने त्यासाठी परिपत्रक काढलं. राहत्या घराच्या ग्रामपंचायतीतल्या नमुना 8 ला नवरा-बायको दोघांचं नाव लागतं. आणि 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या लेकराचं नाव सरकारी कागदावर लिहिताना आधी लेकराचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. म्हणजे कागदावर आई आता दुसरी आहे. नावाच्या ह्या क्रमात आधी ती कुठंच नव्हती.

शेवटी एक काम सांगतो. पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला, की एक वही घ्या. प्रत्येकीने आपलं नाव आणि माहेर लिहायचं. मग आईचं नाव आणि आईचं माहेर. मग आजीचं, मग पणजीचं. सासूच्या बाजूनेही तसंच. आम्ही आमच्या गटात हे करून पाहिलं. आईचं सगळ्यांना आलं. आजीचं बऱ्याच जणींना आलं. पणजीचं नाव विचारलं, तशी बैठक गप्प झाली. एकीने घरी जाऊन सासूला विचारलं, दुसरीने माहेरी फोन लावला, तिसरी म्हणाली, माझ्या आत्याला ठाऊक असेल, ती अजून आहे. ज्यांना ठाऊक आहे, त्या अजून आहेत, तोवर विचारून घ्या.

दहा जणींच्या गटात तीन पिढ्या जरी लिहिल्या, तरी तीस बायांची नावं होतील. त्यांची गावं कागदावर मांडून रेघा ओढा. कुणी बार्शीकडून, कुणी कळंबकडून, कुणी लातूरकडून, कुणी डोंगराच्या पलीकडून. सगळ्या रेघा तुमच्या गावात येऊन मिळतील. गटात सगळ्या जातींच्या, सगळ्या गल्ल्यांच्या, तांड्यावरच्या, वस्तीवरच्या बाया असतील तर फारच चांगलं. वहीत वेशीच्या आतलं-बाहेरचं काही ठेवू नका.

ती वही ग्रामपंचायतीत नेऊन दाखवा. शाळेतल्या मुलांना दाखवा. त्यांना सांगा, हे आपल्या गावाचं दुसरं दप्तर आहे. आणि पुढच्या वेळी कुणी विचारलं, गाव कुणी वसवलं, तर पाटलाचं नाव घ्या, लोहार-कुंभाराचं घ्या, शीव राखणाऱ्याचं घ्या, स्टेशनावर उतरलेल्याचं घ्या आणि त्याच दमात आपल्या पणजीचंही घ्या.

आमचं बोलणं संपलं. वही लिहून झाली की आम्हालाही कळवा, तुमच्या पणज्यांची नावं आम्हाला ऐकायची आहेत.